गल्लीनं दिलेला रिपोर्ट

"अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरची थोरली जाऊ आली म्हणे मिरजेहून. रिक्षातनं आपली आपण उतरली. आणि पोट कुठं गेलं गं तिचं?"

माई कुंपणाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मधे कडूमेंदी. दर पावसाळ्यात ती छाटून घेतो, पण कमरेच्या वर वाढू नये आणि पार बोडकीही होऊ नये, एवढं बघून. माई कढीपत्ता खुडायच्या निमित्तानं येतात. चार पानं खुडायला त्यांना अर्धा तास लागतो, आणि गल्लीत काही घडलं असेल तर आमटी करपेपर्यंत.

"आली ना. मी सकाळीच भेटून आले."

"मग? काय होतं नक्की? कॅन्सरच ना?"

"तुम्हीच सांगा आधी. गल्लीचं काय ठरलं होतं?"

माईंनी डहाळी खाली सोडली. "माझं नाही हं काही. लोक म्हणत होते."

लोक काय म्हणत होते ते मलाही ठाऊक होतं. दिवाळीत तिचं पोट दिसायला लागलं, तेव्हा पहिला रिपोर्ट निघाला तो दबक्या आवाजात. ५६ वर्षांची बाई, पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, दोन नातवंडं अंगणात खेळतायत, आणि पाणवठ्यावरच्या बायकांना हिशेब लागत नव्हता. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली नाही, दम लागतो म्हणाली, तेव्हा दुसरा रिपोर्ट आला : टीबी. तिच्या घरची कपबशी वेगळी ठेवणारीही एक निघाली. आणि होळीच्या आधी मिरजेला नेलं, तेव्हा तिसरा रिपोर्ट तर छापूनच निघाला. नवऱ्यानं जमीन विकायला काढल्याचीही बातमी त्याच्या पाठोपाठ आली. जमीन त्याच्या नावावर नाहीच, ही गोष्ट वेगळी.

"पहिला रिपोर्ट कुणी काढला ते मला माहीत आहे, माई."

"अगं, पोटच तसं दिसत होतं! नवव्या महिन्याचं."

"त्यात तुम्हाला लाजायचं कारण नाही. तुमच्या आधी डॉक्टरांनीसुद्धा हेच म्हटलंय. १८०९ साली, अमेरिकेत, केंटकी नावाच्या मुलखात. जेन क्रॉफर्ड म्हणून शेतकरी घरातली बाई, चार मुलांची आई. पोट वाढत गेलं. आसपासचे डॉक्टर म्हणाले, जुळं आहे आणि दिवस टळून गेलेत. मग मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं तपासलं आणि सांगितलं, बाई, तुला मूल नाही, बीजकोषाची गाठ आहे. असलं ऑपरेशन कुणी केलेलं नाही, तू मरशील बहुधा, पण माझ्या गावी डॅनव्हिलला आलीस तर मी प्रयत्न करतो."

"मग?"

"गेली. ६० मैल, घोड्यावर बसून, डिसेंबरच्या थंडीत. पोटातली गाठ खोगिराच्या पुढच्या कण्यावर टेकवून."

"अगो बाई!"

"गुंगीचं औषध तेव्हा निघालेलंच नव्हतं. ते यायला अजून ३५-४० वर्षं होती. डॉक्टरच्या घरातच टेबलावर घेतली. २५ मिनिटं लागली. ती देवाची गाणी म्हणत होती म्हणतात. साडेबावीस पौंडांची गाठ निघाली, म्हणजे दहा किलोच्या वर. आणि पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेला, तर ही उठून आपला बिछाना आवरतेय. नंतर ३२ वर्षं जगली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेली."

माई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाठ साधी असणार तिची."

"दहा किलोची गाठ बाहेर आल्यावर माणूस ३२ वर्षं जगतं, तेव्हा साधीच म्हणायची. साधी गाठ म्हणजे लहान गाठ असं नसतं हो. आणि साधी म्हणजे गरीब, मुकाट पडून राहणारी, असंही नसतं. या थोरल्या जावेच्या गाठीनं किती जणांना फसवलं, तेच तर सांगतेय."

फाइल मला तिनंच दाखवली होती. "ताई, तुमची उभी नोकरी असल्या रिपोर्टांत गेली, तुम्ही वाचा आणि मला कळेल असं सांगा," म्हणाली. माझी नोकरी मेडिकल कॉलेजच्या लॅबमधली. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्याकडे फॉर्मेलिनच्या बरणीतून यायची. मॅडम ती कापून तुकडे द्यायच्या, आम्ही ते मेणात बसवून ब्लॉक करायचे, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा काढून कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर अलगद उचलायचा, निळ्या-गुलाबी रंगात बुडवायचा. बरणीवर नाव असायचं. ते वाचायचं, रजिस्टरात चढवायचं आणि विसरायचं, असा मॅडमचा दंडक. म्हणून माईंना माझ्याकडून आजवर एकाही गाववाल्याची बातमी मिळालेली नाही. याचा त्यांना मनापासून राग आहे.

"तर बघा," मी म्हटलं, "हिच्या उजव्या छातीत पाणी. दम त्याचा. पोटातही पाणी. वजन उतरलेलं. आपल्या भागात छातीत आणि पोटात पाणी म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिला टीबी येतो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो बरोबरही असतो. पाणी काढून तपासलं, टीबीचे जंतू काही सापडले नाहीत. तरी औषध सुरू केलं."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"ते सोडा. दोन महिने लाल गोळ्या खाल्ल्या तिनं. लघवी नारिंगी झाली, तोंडाची चव गेली, पाणी होतं तिथंच. मग एका बाईनं, म्हणजे डॉक्टरीणबाईनं, पोटाची सोनोग्राफी नीट करायला लावली. तोवर पाण्याकडेच बघत होते सगळे, पाण्यात काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. डाव्या बीजकोषाला १४ सेंटिमीटरची भरीव गाठ. आणि रक्तात ते सीए-१२५ सहाशेच्या वर."

"ते म्हणजे कॅन्सरचंच ना? धाकटी जाऊ सांगत होती, पस्तीसच्या आत पाहिजे म्हणून."

"३५ च्या आत असावं हे बरोबर. पण ते वाढलं म्हणजे कॅन्सरच, हे खोटं. टीबीतही वाढतं, पोटात पाणी झालं की वाढतं, पाळीच्या दिवसांत तरण्या पोरीचंसुद्धा थोडं वर जातं. पण कागदावर तो आकडा ठळक छापलेला, खाली रेघ मारलेली. पाळी गेलेली बाई, भरीव गाठ, पोटात पाणी, आकडा सहाशे. डॉक्टरांनीही मनाची तयारी करा म्हणून सांगितलं, आणि सांगायलाच हवं होतं. त्यांनी कॅन्सर धरूनच मोठं ऑपरेशन मांडलं. पोट उघडल्यावर गाठ बाहेर काढली आणि तिथल्या तिथं फ्रोझनला पाठवली."

"फ्रोझन म्हणजे?"

"गाठीचा तुकडा मशीनमध्ये गोठवून लगेच कापतात आणि बघतात. पेशंट टेबलावरच. वीस-तीस मिनिटांत आतून फोन येतो : साधी आहे किंवा नाही. त्या वीस मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी फार बोलत नाही. मी लॅबच्या टोकाला असायची, तिथंही कुणी बोलायचं नाही. हिचा फोन आला, फायब्रोमा."

"म्हणजे काय ते सांग."

"बीजकोषातल्या धाग्याधाग्याच्या पेशी वाढून झालेली गाठ. कापली की आतून पांढरीशुभ्र, घट्ट, भोवरे भोवरे दिसणारी. सुरी सरळ जात नाही, करकरते. कॅन्सरची गाठ पुष्कळदा मऊ, कुजकट, मधे रक्त साकळलेली असते, हातालाच कळायचं आम्हाला. अर्थात हातावर कुणी रिपोर्ट देत नाही. फायब्रोमा बीजकोषाच्या गाठींमध्ये शंभरात चारेक असतील. त्यात पाणी होणाऱ्या थोड्या, आणि पोटात नि छातीत दोन्हीकडे पाणी होऊन गाठ काढल्यावर आपोआप जाणं, हे तर फायब्रोमाच्या शंभरात एखादीला. बोस्टनच्या जो मेग्ज नावाच्या डॉक्टरनं १९३७ साली अशा सात बायकांचं लिहिलं, म्हणून त्याचं नाव पडलं. फ्रान्समधल्या देमों नावाच्या सर्जननं त्याच्या पन्नास वर्षं आधी सांगितलं होतं, म्हणून फ्रेंच लोक दोघांचं नाव जोडून घेतात."

"तिकडंही भावकी आहे म्हणायची."

"आहेच."

"पण ते पाणी छातीत कसं चढलं? गाठ खाली, पाणी वर?"

हा प्रश्न माईंनी विचारला आणि मला बरं वाटलं, कारण लॅबमध्ये हाच प्रश्न नवीन आलेला प्रत्येक रेसिडेंट विचारायचा. "मोठ्या गाठीतून पाणी पाझरतं आणि पोटात साचतं. पोट आणि छाती यांच्यामध्ये जो पडदा आहे ना, श्वासाचा, त्यात लसिकेच्या बारीक बारीक वाटा असतात. त्यातून ते वर ओढलं जातं. उजवीकडं त्या वाटा जास्त, म्हणून पाणी बहुतेक वेळा उजव्या छातीत. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नसतात. गाठ गेली की पाझर थांबतो आणि उरलेलं पाणी अंगातच जिरतं. दोन आठवड्यांत हिची छाती कोरडी. काल एक्स-रे काढला. सीए-१२५ सुद्धा उतरणीला."

"म्हणजे टीबी नव्हता, कॅन्सर नव्हता, आणि..."

"आणि दिवसही गेले नव्हते."

माईंनी तेवढ्यात कढीपत्त्याची आणखी एक डहाळी मोडली. गरज नव्हती.

"तरी एक सांगते," त्या म्हणाल्या, "सुरी लागली की गाठ चेकाळते म्हणतात. आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं."

"सासऱ्यांना आधीच पसरलेला होता, माई. ऑपरेशनच्या आधीच. लोकांना ऑपरेशन दिसतं, आतलं दिसत नाही, म्हणून सुरीवर आळ. यात खरं म्हणावं तर एवढंच की बीजकोषातल्या गाठीचा संशय असला तर डॉक्टर बाहेरून सुई घालत नाहीत, फुटून आतलं सांडू नये म्हणून. गाठ सबंध काढतात. पण लोक हेच उलटं धरून बसतात आणि काढूच देत नाहीत."

"तुझ्या बरण्यांमध्ये अजून काय काय यायचं गं? सांगत तर नाहीस कधी."

"नाव सांगत नाही. बाकी सांगायला काय हरकत आहे? दात यायचा."

"दात?"

"दात, केस, हाड. डर्मॉइड म्हणतात. ती तशी दुर्मीळ नव्हे, तरण्या बायकांत बरीच असते. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आपण स्वप्नात आहोत. अशी गाठ ताजी आली आणि मॅडमनी चीर दिली की आतून पिवळं तेल वाहायचं, अंगाच्या उबेला पातळ असलेलं. आणि टेबलावर दहा मिनिटं राहिलं की थिजायचं, थंडीतल्या तुपासारखं. त्यात केसांचा गुंता. काळे केस, चांगले वीतभर. आणि एका बाजूला उंचवटा, त्यात पुष्कळदा दात बसलेला. दाढ असायची कधी, मुळासकट. ती कापायची म्हणजे मायक्रोटोमचं पातं जायचं, म्हणून आधी अ‍ॅसिडमध्ये दोन-चार दिवस ठेवून चुना काढून टाकायचा. एक्स-रेत पोटात दात दिसतो तो हाच."

माईंचा हात छातीशी गेला. "करणी."

"करणी नाही हो."

"मग पोटात दात कुठनं येणार? कुणीतरी काहीतरी घातलं असणार खाण्यातून. किंवा जुळं राहिलं असणार आईच्या पोटातलं."

"तेही नाही. बीजांडात सगळं माणूस घडवायची शिदोरी असतेच ना? केसाची, कातड्याची, दाताची, मेंदूची. एखादं बीजांड पुरुषाशिवायच, आपल्या आपण, वाढायला लागतं. त्याला धड दिशा नसते. मग इथं कातडं, तिथं दात, मधे चरबी. मूल नव्हे ते, आणि कधी होणारही नव्हतं. पाच-सात वर्षांच्या पोरीलाही असतं."

"पोरीला?"

"तेच तर. एकदा लॅबच्या खिडकीशी एक बाई आली. पोरगी १७ वर्षांची. गाठीला पीळ पडला म्हणून रात्री पोट दुखून तडफडत आणली होती, तातडीनं ऑपरेशन झालं. आई आमच्याकडे रिपोर्ट घ्यायला. रिपोर्ट हातात, उलटा धरलेला. इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारते, 'ताई, पोरीचं काही वाकडं पाऊल नाही ना? केस-दात म्हणतात म्हणजे...' पुढं बोलता येईना. तिच्या नवऱ्यानं म्हणे रात्रभर पोरीशी बोलणं टाकलेलं. मी मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी तिला आत बसवलं, सूक्ष्मदर्शकात स्लाइड दाखवली. हे केसाचं मूळ, ही घामाची ग्रंथी, ही चरबीची जागा, ती पांढरी दिसते कारण आमच्या औषधांत चरबी विरघळून जाते. सगळं सांगितलं. बाईला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. पण मॅडम पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, 'ही तिच्या जन्माबरोबरची शिदोरी आहे, यात दुसरं कुणी नाही. नवऱ्याला घेऊन या, त्यालाही दाखवते.'"

"आणला का तिनं नवरा?"

"आणला. तो काही बोलला नाही. पण स्लाइडीत डोळा घालून बराच वेळ बसला."

माई गप्प. मग अगदी वेगळ्याच स्वरात म्हणाल्या, "आमच्या माहेरी एक पोर होती. लग्न ठरलेलं. एकाएकी बडबडायला लागली, रात्रीची ओरडायची, आईला ओळखेना, तोंड वेडंवाकडं करायची, फिट यायची. देवऋष्याकडं नेली. लिंबू-मिरच्या, धूर, झोडपणं, सगळं. महिन्याभरात गेली. मला आत्ता का आठवली कोण जाणे."

ही गोष्ट माईंनी मला कधीच सांगितली नव्हती. मी जरा थांबूनच बोलले. "का आठवली ते मी सांगते, पण त्या पोरीला काय झालं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. स्लाइड नाही, फाइल नाही. पण असा एक आजार आहे खरा. या डर्मॉइडच्या जातीच्या गाठींमध्ये कधी मेंदूची पेशीही असते. शरीराला वाटतं, ही इथं कशी? म्हणून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आणि तीच प्रतिपिंडं मग खऱ्या मेंदूवर जातात. तरणी, धडधाकट मुलगी चार दिवसांत भलतंच बोलायला लागते, भास होतात, जबडा-जीभ हलत राहते, फिट येतात, शेवटी शुद्ध जाते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डाल्माऊ नावाच्या डॉक्टरनं २००७ साली ही प्रतिपिंडं नेमकी कशावर जातात ते शोधलं. त्याच्या आधी या पोरी वेड्यांच्या इस्पितळात जायच्या, नाहीतर..."

"देवऋष्याकडं."

"हो. आता निदान वेळेत झालं, गाठ काढली, औषधं दिली, की बऱ्याच जणी बऱ्या होतात. महिने लागतात, पण होतात. सगळ्यांनाच गाठ असते असंही नाही. पण मुलीची अशी अवस्था झाली की आता मेंदूचे डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात, आणि घरचे म्हणतात, डोकं बिघडलंय आणि हे पोट काय बघतायत!"

माईंनी पदर डोक्यावर घेतला. ऊन चढलं होतं. तरी हलल्या नाहीत. पायरीवरचं पाण्याचं तांब्या-भांडं मी कुंपणावरून दिलं. त्या घोटभर प्याल्या, आणि गाडी स्वतःवर आली. ती येणारच होती.

"माझी पिशवी काढली तेव्हा पण गाठीच होत्या. तीन. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, कॅन्सर होईल."

"तुमच्या फायब्रॉइड होत्या माई. पिशवीच्या स्नायूच्या. त्या दर चार-पाच बायकांत एकीला तरी असतात. त्यांचा कॅन्सर होणं अगदी विरळा. तुम्हाला रक्तस्राव फार होत होता, हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, म्हणून काढली ते योग्यच झालं. पण 'कॅन्सर होईल' हे वाक्य डॉक्टर उगीच टाकतात. आपल्याकडं कारखान्यावर ऊसतोडीला बीडकडच्या बायका येतात ना? त्यांना हेच सांगून किती जणींच्या पिशव्या काढल्या. २०१९ साली सरकारनं समिती नेमली होती. ८२ हजार बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. कुणाची गाठ, कुणाचा नुसता पांढरा पदर. बायकाही तयार व्हायच्या, कारण पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो."

"पंचविशी-तिशीच्या पोरी असतात गं त्या."

"असतात. आणि तीन जिन्नस एकत्र आले : डॉक्टरचं बिल, मुकादमाचा खाडा, आणि 'कॅन्सर होईल' हे वाक्य. मला यातल्या तिसऱ्याची सगळ्यांत चीड येते. ते फुकट मिळतं."

हे बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या गॅलरीत दूधवाल्यांची सून कपडे वाळत घालता घालता थबकली. माईंनी तिला हात केला. ती परत पिना लावायला लागली, पण कान इकडेच.

"पण म्हणून स्नायूच्या गाठीला अगदीच सोपं धरायचं नाही," मी आवाज उतरवून म्हटलं. "तिच्यातही एक भामटी जात आहे. फार क्वचित. पिशवीच्या शिरेत शिरते आणि शिरेशिरेतून वर वर वाढत जाते. मोठ्या रक्तवाहिनीतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. बाई चक्कर येऊन पडते, दम लागतो, हृदयाचा डॉक्टर इको करतो तर आत काहीतरी हलतंय. त्याला वाटतं, गुठळी. स्लाइडवर बघाल तर पेशी अगदी साध्या, कॅन्सरचं एक लक्षण नाही. तरी काढायला पोटाचे आणि हृदयाचे, दोन्ही सर्जन लागतात. आणि एक बहीण आहे तिची : पिशवी काढून दहा वर्षं झाल्यावर फुप्फुसात गोळे दिसतात, तेही साधे, तेही त्याच स्नायूचे."

माई एकदम ताठ झाल्या. "मला जिना चढताना धाप लागते!"

"तुमची धाप गुडघ्यांची आणि वजनाची आहे."

"तू सांगतेस. इको करून घेऊ का?"

"रक्तदाब तपासून घ्या आधी. गेल्या वर्षीपासून सांगतेय."

"बघते." म्हणजे नाही. "बरं ते जाऊ दे. गाठ असून काही न करणारी पण असेल की एखादी?"

"पुष्कळ. ब्रेनर म्हणून एक असते. जर्मनीत फ्रिट्झ ब्रेनर म्हणून तरुण डॉक्टर होता, त्यानं १९०७ साली वर्णन केलं आणि पुढं तो आफ्रिकेत जाऊन राहिला. आमच्याकडं ही गाठ बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या बीजकोषात सापडायची, बाईला पत्ताच नसायचा. बीजकोषात असून पेशी मूत्राशयाच्या अस्तरासारख्या, आणि त्यांच्या केंद्रात मधोमध खाच, कॉफीच्या बीला असते तशी. ती खाच दिसली की मॅडम खूश व्हायच्या. सगळ्या पोरांना बोलावून दाखवायच्या. आणि एक असते, बीजकोषात गळ्यातली थायरॉइड! खरीखुरी थायरॉइड. क्वचित तीच जास्त काम करायला लागते, बाईचं काळीज धडधडतं, वजन उतरतं, आणि डॉक्टर गळा तपासत बसतात."

"म्हणजे थायरॉइड पोटात, मेंदू पोटात, दात पोटात. हृदयात पिशवी. काय गं बाई हे!"

"म्हणून तर म्हणते, रिपोर्ट येईस्तोवर गल्लीनं गप्प बसावं."

हे माईंना लागलं नाही. त्या दुसऱ्याच विचारात होत्या. आजूबाजूला बघून कुंपणाशी आणखी सरकल्या. "ते 'अंग बाहेर येणं' असतं ना, तसं एकीला आहे. नाव नाही सांगत. तुझ्यासारखंच."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. सासू म्हणते, बाळंतपणात नीट शेकलं नाही म्हणून. ती आपली कापड बांधून फिरते. दुखत नाही म्हणते. पण गोळा कडक लागतो हाताला."

"हे बघा, बऱ्याचदा ते अंगच असतं, पिशवी सैल होऊन खाली येते. पण कडक गोळा म्हणताय, तर योनीच्या भिंतीतही क्वचित स्नायूची साधी गाठ होते, ती दिसायला अशीच दिसते. काही जणींना बाहेरच्या ओठावर एवढीशी गाठ होते, घामाच्या ग्रंथीची, जखम झाल्यासारखी लाल. बघणारा घाबरतो, आणि ती अगदी निरुपद्रवी असते. कापड बांधून यातलं काही कळायचं नाही. तिला म्हणावं, बाईडॉक्टरकडं एकदा टेबलावर झोप. पाच मिनिटांचं काम आहे. मी जाते तिच्याबरोबर हवं तर."

"सांगते. तू येतेस म्हटलं तर तयार होईल."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, माईंच्याच घरात. त्या वळल्या, दोन पावलं गेल्या, आणि परत आल्या. "पण थोरल्या जावेचं आता काय? पुढं?"

"काही नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला. टीबीचं औषध डॉक्टरांनी बंद केलंय. टाके ओढतायत, जड उचलायचं नाही. आणि तिला भूक लागतेय म्हणाली, पहिल्यांदाच. भाकरी मागत होती."

"मी पाठवते. आमटी जास्तच केलीय." माई लगबगीनं निघाल्या. गॅलरीतल्या दूधवाल्यांच्या सुनेला आता राहवेना. तिनं वरूनच विचारलं, "माई, काय म्हणत होत्या ताई? कॅन्सर नाही ना?"

"नाही गं! साधी गाठ होती," माई मागचं दार उघडता उघडता ओरडल्या. "चौदा सेंटिमीटरची! दात निघाला तिच्यात, दाढ, मुळासकट!"

"माई!" मी कुंपणाला वाकून हाक मारली. "दात दुसऱ्या बाईचा! हिचा फायब्रोमा!"

दार लागलं होतं. गॅलरीतली सून कपड्यांची बादली तिथंच टाकून आत पळाली. तिच्या सासूचा आवाज आला, "कुणाच्या पोटात दात?"